फ्लूम ट्रेल, लेक टाहो: सपाट आहे ते फक्त साडेचार मैल

"अरे, सपाट आहे सगळं. एकदा वर पोचलात की तळं बघत बघत जायचं." अमेरिकेतल्या लेक टाहो तळ्याच्या वरच्या डोंगरातल्या फ्लूम ट्रेल या सायकलवाटेबद्दल हे मला तीन जणांनी सांगितलं होतं आणि सायकल भाड्याने देणाऱ्या दुकानातल्या मुलानेही तेच सांगितलं. परवा जाऊन आलो. स्पूनर लेकपासून इन्क्लाइन व्हिलेजपर्यंत एकूण अंतर सुमारे १४ मैल. त्यातला सपाट भाग साधारण साडेचार मैलांचा. बाकीच्या रस्त्याबद्दल कोणीच बोलत नाही, सगळ्यांचे फोटोही त्या साडेचार मैलांतलेच. म्हणून मांड्या दुखत असतानाच हे लिहून टाकतोय.

माझ्यासोबत पुण्याहून आलेला मावसभाऊ होता. तो दर रविवारी सायकलने सिंहगड चढतो, त्यामुळे चढाची काळजी आम्ही केलीच नव्हती. पण उंचीचा हिशोब आधी करायला हवा होता. कळसूबाई ५४०० फूट. स्पूनरचं पार्किंगच ७००० फुटांच्या आसपास आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या सगळ्यात उंच टोकाच्याही दीड हजार फूट वर तुम्ही पहिलं पेडल मारता. तिथून नॉर्थ कॅनियनचा कच्चा रस्ता पाचेक मैल चढत जातो आणि मार्लेट लेकच्या अलीकडच्या खिंडीत ८००० फूट ओलांडतो.

पहिले तीन मैल ठीक आहेत. ॲस्पेनची झाडं, सावली, चढ बेताचा. शेवटच्या मैलाने मात्र आम्हाला रडवलं. चढ एकदम उभा होतो आणि नेमकी तिथेच जाड, मोकळी वाळू. हा सगळा डोंगर ग्रॅनाइटचा, तो झिजून झिजून त्याची खडीसारखी वाळू होते. उभं राहून पेडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरतं, बसून मारलं की पुढचं उचलतं. आम्ही चार वेळा उतरलो. भाऊ म्हणाला, "दादा, सिंहगडाला निदान डांबर तरी आहे रे!" श्वास पुरत नाही, आणि विरळ हवेचा त्रास तंदुरुस्तीने जात नाही. आदल्या रात्री टाहोला मुक्काम करा. सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियातून पहाटे निघून थेट चढायला लागू नका. आम्ही तेच केलं आणि माझं डोकं दुपारपर्यंत ठणकत होतं. पाणी माणशी तीन लिटर न्या.

मार्लेट लेक सुंदर आहे. तिथे बसून पोळीभाजी खाल्ली, बरं वाटलं.

आता तो प्रसिद्ध भाग. १८७० च्या दशकात व्हर्जिनिया सिटीच्या चांदीच्या खाणींसाठी मार्लेटचं पाणी इथून नेलं जात होतं. डोंगराच्या कुशीत लाकडी पन्हळ (इंग्रजीत 'फ्लूम') बसवली होती आणि पाणी पंपाशिवाय, निव्वळ उताराने वाहत होतं. पन्हळीला एवढासाच उतार चालतो, म्हणून आजची वाटही जवळजवळ सपाट आहे. जुन्या लोखंडी नळांचे तुकडे अजून कडेला पडलेले दिसतात. पाणी उत्तरेकडे जायचं, तुम्हीही दक्षिणेकडून उत्तरेकडेच जा.

खाली दीड हजार फुटांवर टाहोचं निळं पाणी, सँड हार्बरचे गोल खडक, मध्ये काही म्हणजे काही नाही. मी ओरडलोच आनंदाने. पण नीट ऐका: उत्तरेकडे जाताना दरी डावीकडे असते, आणि आपण सगळे लहानपणापासून सायकलवरून डावीकडेच उतरतो. दगडांचा एक अवघड टप्पा लागला, भावाचा तोल गेला, आणि सवयीने त्याचा डावा पाय बाहेर पडला. तिथे टेकायला जमीन जेमतेम वीतभर होती. उजवा पाय डोंगराकडे टाकायची सवय आदल्या दिवशी पार्किंगमध्ये वीस वेळा करा. मी हे मनापासून सांगतोय. दगड आले की उतरून चाला, फोटोसाठी थांबून मग बघा. चालवताना नजर वाटेवरच हवी. चालवायला ही वाट सोपी आहे, पण ज्यांना उंचीची भीती वाटते किंवा जे मातीवर पहिल्यांदाच सायकल चालवतायत त्यांनी जाऊ नये. "नवख्यांना चालेल" हा सल्ला चुकीचा आहे.

शेवटी टनेल क्रीकचा उतार, अडीच-तीन मैलांत सुमारे चौदाशे फूट खाली. पुन्हा तीच वाळू, आता वेगात. सीट खाली घ्या, वजन मागे टाका, पुढचा ब्रेक हलका ठेवा आणि वळणाच्या आधीच वेग कमी करा. वळणात ब्रेक दाबला आणि मी पडलो. कोपर सोललं. टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली असती तर पकड मिळाली असती, दुकानाने ती टणक भरून दिली होती.

त्याच दुकानाने सायकल परत करताना मागचा डिरेलर (गिअर बदलताना साखळी सरकवणारा भाग) वाकलाय म्हणून १४० डॉलर कापले. मी उजव्या अंगावर पडलो नव्हतो, डिरेलर असतो उजवीकडे. गिअर तर सकाळपासूनच उड्या मारत होते. पण आमच्याकडे पुरावा नव्हता. सायकल ताब्यात घेताना चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, डिरेलर आणि ब्रेकपॅड जवळून दाखवा, सगळे गिअर तिथेच टाकून बघा. नुकसानभरपाईचा दर आधी लिहून मागा.

गाडी खाली इन्क्लाइन व्हिलेजला ठेवून शटलने स्पूनरला जायचं, जागा आधी राखून ठेवा. दमदार मंडळींसाठी टनेल क्रीकच्या माथ्यावरून टाहो रिम ट्रेल (तळ्याभोवतीच्या डोंगरमाथ्यांवरून जाणारी लांब वाट) उत्तरेला टाहो मेडोजकडे जातो, पण त्या भागात सायकलींना फक्त सम तारखांना परवानगी आहे. आम्ही गेलो २१ तारखेला. लहान मुलं सोबत असतील तर खालून सँड हार्बरपर्यंत जाणारा तीन मैलांचा पक्का ईस्ट शोअर ट्रेल करा. आम्ही दुसऱ्या दिवशी केला, छान आहे, सांगण्यासारखं विशेष काही नाही.

जूनच्या मध्यापर्यंत वर बर्फ असू शकतो. आम्ही पुढच्या वर्षी जुलैत, सम तारीख बघून जाणार आहोत, स्वतःच्या सायकली घेऊन.