दोनशे टनांची रेष

ऑक्टोबरात, द्राक्षछाटणीच्या ऐन दिवसांत, हेगच्या रासायनिक शस्त्रास्त्रबंदी संघटनेचे (OPCW) तीन निरीक्षक आणि त्यांच्यासोबत दिल्लीच्या राष्ट्रीय प्राधिकरणाचे अधिकारी सिन्नरच्या माळेगाव एमआयडीसीत आमच्या गेटवर उतरले. रासायनिक शस्त्रास्त्रबंदी करार १९९७ पासून लागू आहे; भारतात तो हे प्राधिकरण राबवतं. आमच्या वर्गातल्या, म्हणजे कराराच्या याद्यांबाहेरची सेंद्रिय रसायनं बनवणाऱ्या, कारखान्याला किमान १२० तास आधी सूचना मिळते आणि निरीक्षण २४ तासांत उरकायचं असतं.

आम्ही कीटकनाशकाचं फॉस्फरसयुक्त इंटरमीडिएट, म्हणजे ज्यापासून पुढे कीटकनाशक होतं ते मधलं रसायन, बनवतो. सेंद्रिय रेणूत फॉस्फरस, गंधक किंवा फ्लोरिन असेल, तर वर्षाला ३० टनांच्या वर घोषणापत्र भरायचं. २०० टन ओलांडले की निरीक्षण होऊ शकतं. सारीन हा विषारी युद्धवायूही फॉस्फरसचाच, त्यामुळे ही नजर हवीच.

आधी माहितीची बैठक, जास्तीत जास्त तीन तास. मग प्लांटची फेरी. इथे आणखी काय बनू शकेल, हे त्यांना पाहायचं असतं. रिअॅक्टरला काचेचं अस्तर कशाला? अभिक्रियेत हायड्रोजन क्लोराइड सुटतो, ओलाव्यात तो स्टील खातो. पंपाला दुहेरी सील का? स्क्रबरमधून, म्हणजे वायू धुणाऱ्या यंत्रातून, निघालेलं पाणी कुठे जातं?

प्रथमोपचार खोलीत एक निरीक्षक बाई थबकल्या. कपाटात ॲट्रोपिनच्या ॲम्प्यूल होत्या. सारीनसारखे नर्व्ह एजंट (मज्जासंस्थेवर घाला घालणारी विषं) आणि फॉस्फरसयुक्त ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशक दोन्ही शरीरातलं एकच एन्झाइम बंद पाडतात, म्हणून ॲट्रोपिनचा उतारा दोन्हींवर चालतो. बाईंनी ॲम्प्यूल मोजल्या, एक्स्पायरी पाहिली, स्टॉक रजिस्टरशी ताडलं आणि कपाट स्वतःच्या हातानं लावलं.

या वर्गात नोंदी दाखवणं परस्परसंमतीवर असतं. प्रक्रियेची तापमानं झाकून आम्ही वर्षभराची बॅच कार्डं टेबलावर ठेवली. चूक तिथेच सापडली. कार्डं भरली ९४, दर बॅच दोन टन, म्हणजे १८८ टन. घोषणापत्रात मात्र ‘२०० ते १,००० टन’ या रकान्यावर खूण. करार जानेवारी ते डिसेंबर मोजतो. लेखा विभागानं मार्चला संपलेल्या आर्थिक वर्षाचे २१४ टन दिले होते. त्यात आदल्या वर्षाचे नऊ महिने आले, आणि तेव्हा मागणी जोरात होती.

म्हणजे आमचा प्लांट निरीक्षणाला पात्रच नव्हता. जगभरात वर्षाकाठी अडीचशेहून कमी औद्योगिक निरीक्षणं होतात आणि पात्र कारखाने हजारोंनी आहेत. त्यातली एक फेरी आमच्या पायी खर्ची पडली, याचं मला फार वाईट वाटलं. आकडा जास्त दाखवला तर कुणाचं नुकसान, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. नुकसान ज्या कारखान्याकडे जायला हवं होतं आणि जाता आलं नाही, तिथे होतं.

पथकानं दोष दिला नाही. बेरीज दोनदा करून घेतली, ३१ डिसेंबरला रिअॅक्टरमध्ये अर्धवट बॅच होती का ते विचारलं (नव्हती), आणि प्राथमिक निष्कर्षात तसं नोंदवलं. सह्या होईपर्यंत रात्रपाळी आत आली होती. दुरुस्त घोषणापत्र राष्ट्रीय प्राधिकरणामार्फत गेलं. बॅच रजिस्टर आम्ही आता १ जानेवारीला नवं उघडतो.