तांबडी सुर्ल्याच्या वाटेवरचा सागाचा पतंग

गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात मामांबरोबर गोव्यातल्या फोंड्याहून तांबडी सुर्ल्याच्या महादेवाला निघालो होतो. मोले नाका मागे पडल्यावर रस्त्याकडेच्या सागांखाली थांबलो, तेव्हा पाऊस उघडलेला असूनही पाचोळ्यावर बारीक सरीसारखा आवाज येत होता. पडत होती ती अळ्यांची विष्ठा. काळपट, अंगावर पांढऱ्या व नारिंगी रेघा असलेल्या अळ्या रेशमी धाग्यांना लोंबकळत होत्या.

सागाची पाने खाणाऱ्या दोन प्रमुख अळ्यांची गल्लत सहज होते. एक हिरवा भाग खरवडून पानाची जाळी मागे ठेवते. इथे मात्र कोवळ्या पानांच्या जाड शिराच तेवढ्या उरल्या होत्या आणि शाबूत पानांच्या कडा कापून, दुमडून, धाग्याने जोडून अळ्यांनी आडोसे केले होते. ही खूण हायब्लिया प्यूराची, म्हणजे १७७७ मध्ये डच कीटक-अभ्यासक क्रामरने वर्णन केलेल्या पतंगाची. तरीही पतंग पाहिल्याखेरीज ओळख पक्की मानणे मला पटत नाही.

अळी पाच अवस्थांतून, दहा-बारा दिवसांत पुरी वाढते आणि जमिनीवरच्या पाचोळ्यात विरळ रेशमी आवरणाखाली कोशात जाते. कोशाला आठवडाभर लागतो. हा हिशेब धरून दहा दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो.

अर्धा तास काहीच दिसेना. मग मामांनी वाळके पान समजून जे उचलायला हात नेला, ते उडाले. हा पतंग बसताना राखट-तपकिरी पुढचे पंख कौलारू छपरासारखे अंगावर मिटून घेतो, त्यामुळे पाचोळ्यात तो वेगळा निघत नाही. मात्र उडताना उघडे पडलेले मागचे पंख काळे होते आणि त्यांवर ठळक नारिंगी पट्टे होते. माझी खात्री पटली ती तिथे.

“हे साग आता मरतील काय रे?” मामांनी काळजीने विचारले. मरत नाहीत, पुन्हा पालवी फुटते. पण लाकडाची वाढ मात्र खुंटते.

मादी कोवळ्या पानांवर शिरांलगत सुटी सुटी अंडी घालते, एकूण पाचशेच्या आसपास. नव्या पालवीची वीसेक पाने भिंगाखाली तपासली, पण अंडे एकही नव्हते. या पतंगांच्या झुंडी बहुधा जन्मल्या ठिकाणी न थांबता कोवळी पालवी असलेले दुसरे रान गाठतात. मामांच्या हाताखालून उडालेला तो एक मात्र पलीकडच्या खोडाजवळ पुन्हा पाचोळ्यात बसला होता, आणि नेमका कुठे, ते आम्हा दोघांनाही सांगता येत नव्हते.