पूरकाळाचा ऑफलाइन नकाशा: नावे, नोंदी आणि घड्याळ

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठी अंबाझरी लेआउटपासून बर्डीपर्यंत पाणी शिरले आणि मोरभवन बसस्थानकात बस उभ्याच्या उभ्या बुडाल्या. अशा वेळी नेट आणि वीज दोन्ही गेले तरी स्वयंसेवकाच्या हातात नकाशा चालला पाहिजे. मांडणी साधी आहे: एका डब्यात रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, त्याचाच वायफाय आणि प्रत्येकाच्या फोनवर छोटे ॲप. नोंद आधी फोनमध्ये साठते, डबा टप्प्यात आला की तिथे उतरते.

नकाशाची चौकट महानगरपालिकेच्या हद्दीवर कापू नका. नाग नदीचे पाणी पश्चिमेकडून, वाडी-लाव्याच्या टेकड्यांकडून येते. हद्दीवर कापले की अंबाझरीच्या वरचे पाणलोटच गायब होते. सध्या रेखांश ७८.९० ते ७९.३० आणि अक्षांश २०.९८ ते २१.२८ एवढा तुकडा घेतला आहे. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशाच्या सर्व्हरवरून घाऊक टाइल (नकाशाचे छोटे चौकोन) उतरवणे त्यांच्या नियमात बसत नाही. कच्चा डेटा घेऊन ऑस्मियम या साधनाने तुकडा काढावा आणि टाइल स्वतः बनवाव्यात. या चौकटीत झूम १८ च्या चित्र-टाइल सुमारे ६८ हजार होतात, तर व्हेक्टर टाइल (चित्राऐवजी रेषा-बिंदूंचा डेटा) झूम १४ पर्यंत बनवल्या की त्या पातळीला सुमारे ३०० पुरतात. पुढचे झूम फोन त्यांच्यावरूनच काढतो. टाइल साठवण्याच्या एमबीटाइल्स फाइलमध्ये टाइलच्या ओळी खालून वर मोजतात, हे विसरलात तर वरच्या ओळी खाली आणि खालच्या वर दिसतात.

सर्वाधिक वेळ मराठी नावांनी घेतला. फोनवर नकाशा काढणारे मॅपलिब्रे नेहमीच्या पद्धतीत अक्षरे एकेका चिन्हाने मांडते. त्यामुळे ‘बर्डी’तला रफार सुटतो, ‘शिवाजी’ची पहिली वेलांटी चुकीच्या जागी जाते आणि जोडाक्षरे फुटतात. फॉन्ट बदलून उपयोग नाही, कारण दोष फॉन्टचा नाही, अक्षरे जुळवण्याच्या पायरीचा आहे. म्हणून नावांचा थर वेगळा केला: टाइल बनवणारे मॅपनिक हे हार्फबझ या अक्षरजुळणीच्या साधनाने अक्षरे नीट जुळवते, त्यातून पारदर्शक पीएनजी टाइल झूम १६ पर्यंत काढल्या आणि व्हेक्टर थरावर ठेवल्या. झूम १६ ला सुमारे ४,३०० टाइल होतात, त्या परवडतात. तोटा एवढाच की नकाशा फिरवला की नावेही फिरतात, म्हणून फिरवणे बंद ठेवले आहे.

शोधात त्याहून बारीक अडचण आहे. कागदावर सीताबर्डी, तोंडी बर्डी, इंग्रजी पाटीवर सीताबुल्डी. झाशी राणी चौक कुणी ‘झांशी’ लिहितो, कुणी ‘झाँसी’. प्रत्येक ठिकाणाला पर्यायी नावांचा रकाना द्यावा लागतो; अनुस्वार, चंद्रबिंदू आणि न दिसणारी जोडचिन्हे काढून मगच तुलना करावी. ‘बर्डी’ टाकल्यावर काही सापडले नाही तर नागपूरकर ते ॲप पुन्हा उघडणार नाही, आणि त्याचे बरोबरच आहे.

अंतर मोजायला युटीएम ही मीटरमध्ये मोजणारी, जग पट्ट्यांत वाटणारी पद्धत आहे; नागपूर तिच्या झोन ४४ मध्ये येते, म्हणजे ईपीएसजी ३२६४४ (सॉफ्टवेअरमधला तिचा क्रमांक). मुंबई-पुण्यासाठी बनवलेल्या क्यूजीआयएस या नकाशा-सॉफ्टवेअरच्या साच्यात ३२६४३, म्हणजे झोन ४३, असते. ते तसेच ठेवून ४४ चे आकडे भरले तर नागपूरचा बिंदू थेट गुजरातेत, बारडोलीजवळ पडतो. एवढी मोठी चूक लगेच दिसते. धोका वेब मर्केटरमध्ये, म्हणजे ऑनलाइन नकाशांच्या नेहमीच्या प्रक्षेपणात, मोजणाऱ्यांना आहे. आपल्या अक्षांशावर तिथे अंतर सुमारे ७ टक्के जास्त येते, म्हणजे १०० मीटरचा दोर १०७ मीटर लांब वाटतो.

पाण्याच्या खोलीसाठी सेंटिमीटरचा रकाना काढून घोटा, गुडघा, कंबर, छाती असे चार पर्याय ठेवले. अंधारात माणूस हेच खात्रीने सांगू शकतो. उपग्रहाच्या ३० मीटर उंची-डेटावरून गल्लीतले पाणी काढायच्या फंदात मात्र पडू नये; त्यात इमारतींची उंची मिसळलेली असते आणि अरुंद नाला दिसतच नाही.

नोंदी जिओपॅकेजमध्ये, म्हणजे नकाशा-नोंदींच्या एसक्यूलाइट डेटाबेस फाइलमध्ये, साठतात. प्रत्येक नोंदीला यूयूआयडी (कुठेही पुन्हा न येणारा लांब क्रमांक) द्या. १, २, ३ असे क्रमांक दिले तर दोन फोनच्या नोंदी एकमेकींवर बसतात. दुसरा सापळा असा की ‘वॉल’ पद्धत चालू असेल तर एसक्यूलाइट नव्या नोंदी आधी शेजारच्या ‘वॉल’ फाइलमध्ये लिहिते. ॲप चालू असताना फक्त मुख्य फाइल कॉपी केली तर शेवटच्या, म्हणजे सर्वांत गरजेच्या नोंदी मागे राहतात. कॉपीआधी चेकपॉइंट चालवावा, म्हणजे त्या नोंदी मुख्य फाइलमध्ये येतात.

पाय ४ ला स्वतःचे घड्याळ नाही. नेटशिवाय सुरू केल्यावर वेळ चुकते आणि नोंदींचा क्रम बिघडतो. डीएस३२३१ हे घड्याळाचे मॉड्यूल चार तारांनी जोडा, पण ३.३ व्होल्टच्या पिनवर. बाजारातल्या अशा अनेक मॉड्यूलवर चार्जिंगचे सर्किट असते. ५ व्होल्ट दिले तर ते चार्ज न होणाऱ्या सीआर२०३२ सेललाही चार्ज करू लागते.

२०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ७४ वॉट-तास. रूपांतरातली तूट धरून ६० च्या आसपास हाती येतात. डबा सरासरी ५ वॉट घेतो असे धरले तर १२ तास. वीज अचानक गेली की एसडी कार्ड खराब होऊ शकते, म्हणून सिस्टीम फक्त-वाचन स्वरूपात आणि नोंदी वेगळ्या पेनड्राइव्हवर.

ॲप का, ब्राउझर का नाही? डब्याच्या साध्या एचटीटीपी पत्त्यावर क्रोम फोनचे लोकेशन देत नाही. शिवाय वायफायवर इंटरनेट नाही असे दिसताच अँड्रॉइड मोबाइल डेटाकडे वळतो. तूर्त डेटा हाताने बंद करा, पुढच्या आवृत्तीत ॲप स्वतः वायफाय धरून ठेवेल. त्यानंतरचे काम नागपुरातल्याच पिली नदीकाठच्या वस्त्यांची पर्यायी नावे भरण्याचे आहे.