तुम्ही विचारलंत म्हणून : भाजणीच्या धंद्याची घडी कशी बसली

"ताई, कल्पना चांगली आहे हो माझ्याकडे, पण तिचा धंदा कसा करायचा?" महिन्यातून दोन-तीनदा तरी हे कुणीतरी विचारतंच. विचारणाऱ्या बहुतेक बायका, हाताला चव असलेल्या. कुणाचे नाचणीचे लाडू, कुणाचा गोडा मसाला. मी डोंबिवलीत सात वर्षं थालीपिठाची भाजणी करून विकते, म्हणून माझ्याकडे येतात. गेल्या आठवड्यात लाडूवाल्या एका मुलीने विचारलं तेव्हा घाईत जेमतेम दोन वाक्यं बोलले आणि नंतर मनाला लागून राहिलं. म्हणून आता नीट लिहिते.

माझी कल्पना साधी होती. नोकरी करणाऱ्या घरांत भाजणी संपली की पुन्हा होत नाही, कारण सगळं धान्य वेगवेगळं भाजत बसायला वेळ कुणाला आहे? बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने. तांदूळ फुलून पांढरा व्हायला हवा, उडदाचा वास सुटला की लगेच उतरवायला हवा. दहा किलोला माझे चार तास जातात. चव सगळ्यांना आवडली, शेजारणींनी कौतुक केलं. मी अर्ध्या किलोची पाकिटं केली, अन्न परवान्याची नोंदणी केली (तेव्हा वर्षाला १०० रुपये फी भरली होती), लेबल छापून घेतलं आणि सहा दुकानांत माल ठेवला.

तीन महिने पाकिटं खपत होती आणि माझ्या हातात पैसा दिसत नव्हता. तेव्हा एका रात्री वही घेऊन बसले. ते आकडे तसेच देते, कारण खरं उत्तर त्यांत आहे.

दहा किलो धान्याला ६२० रुपये पडत. पण भाजताना ओल उडते, निवडताना थोडं जातं, गिरणीत थोडं राहतं. हाती यायची ९ किलो २०० ग्रॅम भाजणी. म्हणजे किलोला ६२ नाही, ६७ रुपये. ही घट मी धरलीच नव्हती. त्यात गॅस ८, दळण ८, दोन पाकिटं आणि लेबलं मिळून १४, दुकानांपर्यंतची रिक्षा ६. झाले १०३. विक्रीची किंमत १४०, त्यातले पंचवीस टक्के दुकानदाराचे. मला मिळत १०५. किलोमागे दोन रुपये! चार तास शेगडीपुढे उभं राहण्याची मजुरी त्यात कुठेच नाही. शिवाय दहातली दोन पाकिटं तारीख उलटून परत येत आणि उरलेल्यांचे पैसे दुकानदार "विकलं की देतो" म्हणून महिनाभराने देत. भाजणी उत्तम होती, व्यवहार आतबट्ट्याचा होता.

किंमत वाढवावी असं सगळ्यांनी सुचवलं. १६० केली, तर खप पडला.

वाट दाखवली ती मागच्या गल्लीत पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या काकूंनी. त्या म्हणाल्या, "मला पाकिटं नकोत. दर गुरुवारी आठ किलो डबा भरून दे. जरा रवाळ दळ, आमची शुक्रवारची थालीपिठं खुसखुशीत व्हायला हवीत." भाव १३० ठरला. पाकीट नाही, लेबल नाही, रिक्षा नाही, दुकानदाराचा वाटा नाही. खर्च ८३, हातात ४७, आणि डबा रिकामा करताकरता रोख पैसे. भाजणी तीच, कढई तीच. घेणारं बदललं आणि पैसे येण्याची वेळ बदलली, एवढंच.

लिज्जतची गोष्ट मला तेव्हा नव्याने कळली. १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, हे आपण सगळेच ऐकत आलो आहोत. पण पापड तर तेव्हा घरोघरी होत होते. मला मोलाची वाटते ती त्यांनी पुढे बसवलेली पद्धत. पीठ केंद्रावर मळायचं, बायकांनी ते घरी न्यायचं, लाटून वाळवून पापड परत आणायचे, ते तपासून घ्यायचे आणि लाटणीचे पैसे द्यायचे. पीठ एकच असल्यामुळे चव एकसारखी राहिली. लाटायला मोठा कारखाना बांधावा लागला नाही, प्रत्येकीचं घर कामाला आलं. आणि पापड विकला जाईपर्यंत लाटणारीला पैशांची वाट बघावी लागली नाही. अशी रचना डोक्यात येणं मला पापडाच्या कल्पनेपेक्षा कितीतरी अवघड वाटतं, आणि त्या बायकांबद्दल मनापासून आदर वाटतो.

माझी घडी बसायला पुढे वर्ष गेलं. मे महिन्यात काकू गावी गेल्या, केंद्र बंद राहिलं आणि माझी कमाई थांबली. तेव्हापासून एकाच गिऱ्हाइकावर अर्ध्याहून जास्त भार टाकत नाही. आज तीन केंद्रं मिळून आठवड्याला तीस किलो जातात. घरगुती गिऱ्हाइकांनी रविवारपर्यंत ऑर्डर आणि पैसे द्यायचे, मंगळवारी भाजायचं, तेवढंच भाजायचं. दुकानांत एकही पाकीट नाही. भाजायला एक मावशी येतात. त्यांची मजुरी भावातच धरलेली आहे, आणि माझीसुद्धा.

त्या लाडूवाल्या मुलीला मी परवा फोन केला. विचारलं, एक किलो नाचणीचे लाडू किती होतात? तिला सांगता येईना. काल तिचा निरोप आला: तराजू आणला, तूप-गुळासकट सगळं मोजलं, एका घाण्यात सव्वीस लाडू झाले, गॅस किती लागला ते अजून बघते आहे. मी तिला पुढचा प्रश्न पाठवलाय: हे सव्वीस लाडू कोण घेणार आहे, आणि पैसे लाडू वळायच्या आधी देणार की नंतर?