आमची वाटचाल: तळ्यांच्या मुलखात घोड्यांसाठी पाणी वाहताना

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात दहा एकरांहून मोठी अशी ११,८४२ तळी आहेत. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरसुद्धा '१०,००० तळी' असं छापलेलं असतं. आणि याच राज्यात आमच्या छोट्या व्यवसायाची निम्मी मेहनत जाते ती घोड्यांपर्यंत पिण्याचं पाणी पोचवण्यात.

आमचं काम पार्क रॅपिड्सच्या आसपासच्या सरकारी जंगलांत चालतं, मुख्यतः हंटर्सव्हिल आणि पॉल बनियन या दोन जंगलांत. लोक आपापले घोडे ट्रेलरमध्ये घालून दोन-तीन रात्रींच्या मुक्कामाला येतात. त्या मुक्कामाची घोड्यांकडची बाजू आम्ही सांभाळतो: चारा, पाणी, बांधण्याची दोरी, वाटांची माहिती आणि हवा असेल तर सोबत वाटाड्या. माणसांचा तंबू आणि स्वयंपाक ज्याचा त्याने बघायचा.

सुरुवात गवतापासून झाली. राज्याच्या वनखात्याच्या जमिनीवर तणमुक्त असल्याचा दाखला असलेलंच वाळलं गवत न्यावं लागतं. लीफी स्पर्ज किंवा स्पॉटेड नॅपवीडसारख्या तणाचं बी गठ्ठ्यातून आलं आणि जंगलात रुजलं, की ते उपटून संपत नाही. शहराजवळ राहणाऱ्या घोडेमालकाला असं गवत सहज मिळत नसे, म्हणून आम्ही दाखल्याचे गठ्ठे विकत घेऊन पोचवू लागलो. आधी हे गठ्ठे थेट मुक्कामावर जात. पण खाल्लेलं बी घोड्याच्या पोटातून दोन ते चार दिवसांनी लिदेवाटे बाहेर पडतं, आणि त्यातलं काही उगवण्याइतकं जिवंत असतं. म्हणजे निघण्याच्या आदल्या दिवसापर्यंत घरचं गवत खाल्लेला घोडा नियम पाळूनही जंगलात तण पेरतो. शिवाय चारा एकदम बदलला तर पोटशूळ उठण्याचा धोका वेगळाच. म्हणून आता गठ्ठे दहा दिवस आधी घरी पोचतात. पहिले दोन दिवस पाव हिस्सा नवं गवत, मग निम्मं, मग पाऊण, आणि शेवटचे चार दिवस पूर्ण नवं. साडेचारशे किलोच्या घोड्याला वजनाच्या दीड ते दोन टक्के, म्हणजे दिवसाला सात ते नऊ किलो गवत लागतं. वीस-बावीस किलोचा गठ्ठा एका घोड्याला जेमतेम अडीच दिवस पुरतो. धान्याची चंदी आम्ही मुक्कामावर निम्म्याने कमी करायला सांगतो. दिवसभराच्या चालीने दमलेल्या घोड्याच्या पोटाला धान्यापेक्षा गवत मानवतं.

गवतामागोमाग पाण्याचा प्रश्न आला. आठ-नऊ किलो सुकं गवत पोटात पुढे सरकायचं, तर घोड्याने रोज वीस ते चाळीस लिटर पाणी प्यायला हवं, आणि उन्हाच्या दिवसांत त्याहूनही बरंच जास्त. तेवढं प्यायला नाही तर आतड्यात चाऱ्याचा गोळा अडकतो. आता नव्या माणसाला वाटतं, तळं समोर आहे, नेला घोडा काठावर की झालं. पण इथल्या बऱ्याच तळ्यांचे काठ कुजक्या पाल्याच्या गाळाचे असतात. वरून टणक वाटतात आणि घोड्याचे पुढचे पाय गुडघ्यापर्यंत आत जातात. त्याच काठांवर वॉटर हेमलॉक उगवतं. पांढऱ्या छत्रीसारख्या फुलांचं हे रोप दिसायला साधं असतं, पण त्याच्या मुळाचा छोटा तुकडाही घोड्याचा जीव घेतो. जुलै-ऑगस्टमध्ये कोमट, साचलेल्या पाण्यावर निळं-हिरवं शेवाळ येतं. सांडलेल्या हिरव्या रंगासारखा त्याचा थर वाऱ्याने ढकलला जाऊन एकाच काठावर जमतो. त्यातलं काही विषारी असतं, काही नसतं, आणि नुसतं बघून फरक कळत नाही. म्हणून रेतीचा किंवा गोट्यांचा टणक तळ, वाहतं किंवा मोकळं पाणी आणि स्वच्छ काठ हे तिन्ही असतील तिथेच आम्ही घोड्यांना पाण्यावर नेतो. शेल नदीच्या काठी, शेल सिटीच्या घोडामुक्कामाजवळ, अशा जागा मिळतात.

बऱ्याच मुक्कामांवर हातपंप असतो, पण त्याच्या पाण्यात लोह असलं की त्याला वास येतो. माणूस ते नाक मुरडून का होईना पितो. घोडा बादलीत नाक घालतो, वरचा ओठ उचलतो आणि मागे होतो. यावर दोन उपाय चालतात. एक, पहिल्या रात्रीपुरतं घरचं पाणी सोबत आणायचं. दुसरा, निघण्याच्या आठवडाभर आधीपासून घरीच बादलीत कपभर सफरचंदाचा रस घालायचा, आणि मुक्कामावरच्या पाण्यातही तेवढाच घालायचा. घोडा ओळखीच्या चवीमागे जातो. चंदीत रोज साधारण तीस ग्रॅम मीठ घातलं की तहानही लागते.

सामाईक हौद आम्ही कधीच ठेवला नाही. प्रत्येक घोड्याला आपली बादली, तिच्यावर लिटरच्या खुणा आणि तंबूजवळ टांगलेल्या पाटीवर नोंद. हौदात कोण किती प्यायलं ते कळत नाही, आणि स्ट्रँगल्ससारखा घशाच्या गाठींचा रोग एका हौदातून सगळ्यांना होतो. पाण्याइतकीच लिदेची नोंद महत्त्वाची. निरोगी घोडा दिवसाला आठ ते बारा वेळा लीद टाकतो. गोळे लहान, कोरडे, चकचकीत दिसू लागले किंवा रात्रभर लीदच पडली नाही, तर सकाळी खोगीर चढत नाही. हिरडीवर बोट दाबून सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी रंग परत यायला हवा. विसावलेल्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते. ती साठच्या वर जाऊन तिथेच राहिली तर वाट न बघता पशुवैद्याला फोन. जंगलात बऱ्याच ठिकाणी फोन लागत नाही, म्हणून प्रत्येक मुक्कामापासून सिग्नल कुठे मिळतो ती जागा आमच्या नकाशावर खूण करून दिलेली असते.

पाणी वाहण्यातही एक मेख आहे. दोन घोड्यांचा भरलेला ट्रेलर अडीच टनांच्या आसपास जातो आणि त्याच्या दहा ते पंधरा टक्के भार पिकअपच्या मागच्या भागावर येतो. त्यावर पाचशे लिटरची टाकी भरून ठेवली की आणखी अर्धा टन. एवढ्यात साध्या पिकअपची क्षमता संपते, गाडीचं पुढचं टोक उचललं जातं आणि स्टिअरिंग हलकं लागतं. अर्धी भरलेली टाकी तर वळणावर पाणी एका बाजूला फेकून आणखी त्रास देते. म्हणून पाहुण्यांनी फक्त पहिल्या रात्रीचं पाणी, वीस लिटरच्या बंद डब्यांत आणायचं. बाकीचं आमच्या वेगळ्या गाडीने येतं.

ट्रेलरची तपासणी याच कामातून सेवेत आली. सगळ्यात धोकादायक चूक जोडणीच्या गोळ्याची. सव्वादोन इंचांहून किंचित मोठ्या, म्हणजे २ ५/१६ इंची कपलरमध्ये (ट्रेलरकडच्या, गोळ्यावर बसणाऱ्या खोबणीत) २ इंची गोळा बसतो, कुलूपही लागतं आणि सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. पहिल्या मोठ्या खड्ड्यात ट्रेलर उडून सुटतो. गोळ्याच्या माथ्यावर माप कोरलेलं असतं, ते वाचायचं. साखळ्या खालून एकमेकींना छेद देऊन लावायच्या. टायरची नक्षी शाबूत दिसली तरी पाच-सहा वर्षांनी रबर बाजूने तडकतं. रबरी चटई उचलून खालच्या फळ्यांत पेचकस टोचून बघायचा. मुताने कुजलेलं लाकूड वरून कळत नाही.

रात्री घोडा बांधायचा कसा, यावर आमचं मत ठाम आहे: दोन झाडांमध्ये उंच ताणलेल्या दोरीला. विजेच्या तारेचं कुंपण सोपं वाटतं, पण रात्री हरीण किंवा अस्वल त्यातून धडकून गेलं की घोडे मोकळे सुटतात. झाडाच्या खोडाला थेट बांधलेला घोडा साल कुरतडतो आणि खुराने मुळं उघडी पाडतो. पाच सेंटिमीटर किंवा अधिक रुंद पट्टे खोडांभोवती गुंडाळायचे, म्हणजे सालीला काच बसत नाही. खोड निदान वीस सेंटिमीटर जाड आणि जिवंत हवं. बारा मिलिमीटरची, न ताणणारी दोरी सव्वादोन मीटर उंचीवर तंग करायची. ती झोळ खाऊ लागली की दावं जमिनीला लागतं आणि घोड्याचा पाय त्यात अडकतो. दोन घोड्यांमध्ये तीन ते साडेतीन मीटर अंतर, आणि खोडापासूनही दोन मीटर. दाव्याचं खालचं टोक जमिनीपासून साधारण साठ सेंटिमीटरवर लोंबावं. मग घोडा मान खाली घालून गवत खाऊ शकतो, पण दाव्यावरून पाय टाकू शकत नाही. दाव्याच्या वरच्या टोकाला फिरती कडी हवीच, कारण घोडा रात्रभर गोल फिरतो आणि कडीशिवाय दावं पिळ खाऊन आखूड होतं.

हंटर्सव्हिलची जमीन रेताड, जॅक पाइनची. घोड्याच्या पायांना ती उत्तम, पाऊस पडला तरी चिखल होत नाही. पण तिथे गवत जमिनीवर टाकलं तर घोडा रेती गिळतो आणि ती आतड्यात साठते. म्हणून गवत जाळीत. जाळी रिकामी झाली की लोंबते, तेव्हाही तिचं बूड छातीच्या उंचीवर राहील इतकी वर बांधायची, नाहीतर नाल मारलेला खूर तिच्यात अडकतो.

दोरी बांधण्याआधी आम्ही वर बघतो. रेड मेपलचं झाड जवळ असेल तर जागा बदलतो. त्याची हिरवी पानं सहसा त्रास देत नाहीत. वादळात मोडलेल्या फांदीची कोमेजलेली आणि शरद ऋतूत गळलेली पानं विषारी असतात. साडेचारशे किलोच्या घोड्याला पाऊण किलोच्या आसपास सुकी पानं बाधतात, सव्वा-दीड किलोत जीव जाऊ शकतो. रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी गडद तपकिरी होते, हिरड्या आधी फिक्या आणि मग तपकिरी दिसतात. चोकचेरीच्या कोमेजलेल्या पानांत सायनाइड तयार होतं. मुक्कामाच्या जागेचं हे निरीक्षण दरवेळी नव्याने करावं लागतं, कारण मधल्या काळात एखादं वादळ येऊन गेलेलं असतं.

वाटाड्या देण्याचं काम सगळ्यात शेवटी सुरू झालं, आणि त्याचं कारण नकाशे. इथल्या नकाशांवर काही रुंद, सरळ वाटा दिसतात. त्यांतल्या बऱ्याच हिवाळ्यात स्नोमोबाइलसाठी असतात आणि गोठलेल्या दलदलीवरून जातात. उन्हाळ्यात तिथे शेवाळाच्या गालिच्याखाली मऊ पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा ओला थर, असतं. ब्लॅक स्प्रूस आणि टॅमरॅकची खुरटी झाडं दिसू लागली की पुढची जमीन घोड्याचं वजन पेलणार नाही असंच धरावं. घोडा थबकून नाक खाली घालून फुरफुरला, तर त्याला टाच मारू नये. रुतलाच तर स्वाराने बाजूला उतरावं, लगाम सैल सोडावा आणि घोड्याच्या पुढे मुळीच उभं राहू नये, कारण तो पुढे झेप घेऊनच बाहेर येतो.

जूनमध्ये आम्ही मुक्काम घेत नाही. त्या महिन्यात काळ्या माश्या कानांच्या आत आणि पोटाच्या मधल्या रेषेवर चावून रक्त काढतात, संध्याकाळी डास, दुपारी उन्हात डिअर फ्लाय. कानांसकट झाकणारा जाळीचा मुखवटा आणि पर्मेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा उपयोगी पडतो, पण पर्मेथ्रिन पाण्यातल्या माशांसाठी अत्यंत विषारी असल्याने फवारणी काठापासून साठ मीटर लांब, आणि फवारलेला घोडा पाण्यात उतरवायचा नाही. गोचिडी रोज रात्री जबड्याखाली, आयाळीच्या मुळाशी, मांड्यांमध्ये आणि शेपटीखाली हाताने चाचपून काढायच्या. मुक्कामानंतर आठ-पंधरा दिवसांनी ताप आणि पायांना सूज आली, तर पशुवैद्याला गोचिडी सापडल्याचं आवर्जून सांगावं. अ‍ॅनाप्लाझ्मोसिस हा गोचिडीतून होणारा रोग वेळीच ओळखला तर औषधाने लवकर आटोक्यात येतो. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंतचे दिवस आमच्या मते सर्वांत चांगले. सप्टेंबरपासून शिकारीचे हंगाम सुरू होतात, तेव्हा स्वार आणि घोडा दोघांनाही भडक नारिंगी रंग हवा. चंदीचा वास काळ्या अस्वलाला लांबून येतो, म्हणून ती माणसांच्या जेवणासारखीच पक्क्या डब्यात बंद राहते.

अलीकडे मिनीयापोलिस-सेंट पॉलकडची काही मराठी कुटुंबंही येतात. मुलं रपेट शिकत असतात आणि आईवडिलांच्या डोळ्यांपुढे माथेरान असतं. तिथे घोडेवाला सोबत चालतो आणि घोड्याचं सगळं तोच बघतो. इथे खरारा, लीद, बादल्या सगळं स्वाराकडे. त्यांच्यासाठी आम्ही मुक्कामाआधी एक दिवस ठेवतो. त्यात फक्त दोरी बांधणं, झटकन सुटणारी गाठ मारणं आणि नाडी मोजणं होतं, स्वारी होत नाही. ही मुलं पाटीवरच्या नोंदी फार मन लावून ठेवतात.

येणाऱ्यांनी दोन आठवडे आधी कॉगिन्स चाचणीचा (घोड्यांच्या संसर्गजन्य रक्तक्षयासाठीच्या रक्तचाचणीचा) बारा महिन्यांच्या आतला दाखला पाठवावा. राज्याबाहेरून येणाऱ्यांनी पशुवैद्याचं आरोग्यपत्रही पाठवावं. सोळा वर्षं आणि त्यावरच्या प्रत्येक स्वाराकडे राज्याचा हॉर्स पास हवा. जळाऊ लाकूड घरून आणू नये, अ‍ॅश जातीच्या झाडांना मारणारी पोखरकीड त्यातून पसरते; दाखल्याचं लाकूड आमच्याकडे मिळतं. आणि घोडा घरी निदान दोन रात्री उंच दोरीवर बांधून बघावा. जो घोडा तिथे शांत उभा राहत नाही, त्याचं आरक्षण आम्ही पुढच्या हंगामावर ढकलतो. पैसे तसेच जमा राहतात.