करंगळीपुरती जागा

स्टीलच्या चेनचं घड्याळ किती घट्ट असावं, यावरून आमच्या नात्यागोत्यात सरळ दोन पक्ष आहेत. थोरल्या काकांचं घड्याळ मनगटावर असं रुतलेलं असतं, की रात्री काढून ठेवलं तरी चेनची नक्षी कातडीवर शिल्लक राहते. मामाचं उलट. हात खाली सोडला की ते तळहाताच्या मुळाशी येऊन थांबतं, आणि गोव्याच्या कदंब बसमध्ये उभं राहून वरचा दांडा धरला की थेट कोपराच्या दिशेने पळतं. "घड्याळ घातलंयस की काकण?" असं काका प्रत्येक लग्नात विचारतात. मामा उत्तर देत नाही. मनगटाला एक झटका देऊन डायल वर आणतो आणि वेळ सांगतो.

मी मामाच्या पक्षातला. पण झटका मला आवडत नाही, म्हणून अर्धाच.

खरं तर यात स्वभावापेक्षा हवेचा हात मोठा आहे. मनगट दिवसभर एकाच मापाचं राहत नाही. उकाड्यात शरीर उष्णता बाहेर टाकायला कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतं, थोडं पाणी आजूबाजूच्या पेशींमधल्या जागेत उतरतं आणि हात फुगतो. हात लोंबता ठेवून चाललं की आणखी. वर आपलं जेवण: खारं सुंगट म्हणजे खारवलेली कोळंबी, लोणचं, पापड. मिठाने पाणी धरलं की अंगठी आधी सांगते, मग घड्याळ. स्टील मात्र ढिम्म. पंधरा-वीस अंशांच्या फरकाने सतरा सेंटीमीटरची चेन केसाच्या जाडीइतकीही वाढत नाही. तेव्हा सकाळी सैल वाटलेलं घड्याळ दुपारी आवळतं, त्यात बिचाऱ्या चेनचा काही दोष नाही.

यावर पुण्यातला माणूस म्हणेल, चामड्याचा पट्टा लावा. तो अवश्य म्हणो. त्याने एक पावसाळा गोव्यात काढावा. जूनमध्ये कपाटात ठेवलेला चामड्याचा पट्टा गणपतीला बाहेर काढला तर त्यावर हिरवट पांढरी बुरशी असते, आणि रोज वापरला तर घामाने असा वास मारतो की शेजारी बसलेल्याला वेळ विचारण्याची इच्छा राहत नाही. म्हणून आमच्याकडे चेन. तीही स्प्रिंगची नको. ती ताणून घालायला सोपी, पण काढताना हातावरचे केस घेऊन जाते.

चेन सैल असावी या मताला माझा मोठा आधार म्हणजे काकणं. लग्नाआधी मुलीला चुडो भरतात तेव्हा काकणकाराला मनगटाशी काही देणंघेणं नसतं. तो पंजा दाबून बघतो, अंगठा आत मुडपतो आणि हाडांवरून काच अलगद सरकवतो. पंजा पार झाला की मनगटावर काकण सैलच, आणि ते तसंच असायचं असतं. घट्ट काकण घातलेली बाई मी तरी पाहिलेली नाही. घड्याळाच्या चेनला लॉक आलं, ती उघडून घालता येऊ लागली, आणि तिथेच आवळण्याची सोय झाली. काकांसारखी माणसं ही त्या लॉकची देणगी.

पण निव्वळ सैल म्हणजे चांगलं, असंही नाही. मनगटाच्या करंगळीकडच्या बाजूला जे हाड वर आलेलं असतं, ते ओलांडून घड्याळ पंज्याकडे घसरलं की चावीचं बोंडूक हाताच्या पाठीवर टोचायला लागतं. सतत हलणाऱ्या चेनच्या पिनाही लवकर झिजतात. त्यात मिरामारच्या किनाऱ्यावरची वाळू कड्यांमध्ये शिरली तर ती काचकागदाचंच काम करते. चेन वर्षागणिक लांब होत जाते आणि माणसाला वाटतं, आपण बारीक झालो. जुन्या टूथब्रशने साबणाच्या पाण्यात घासून गोड्या पाण्याने धुतली की पुरे, एवढंही कोणी करत नाही. घड्याळ पाण्यात चालणारं असेल तरच, हे सांगायला हवं. चवथीच्या आरतीला घुमट हे मातीचं वाद्य वाजवणारे तर या वादातच पडत नाहीत. ते घड्याळ काढून खिशात टाकतात.

भाच्याच्या हातात स्मार्टवॉच आहे. त्याने नवाच पेच आणला. या घड्याळाच्या पोटाखालचा हिरवा उजेड कातडीतलं रक्त बघून नाडीचे ठोके मोजतो, त्यामुळे ते सैल चालत नाही. फट राहिली तर आकडे काहीच्या बाही येतात. म्हणून धावताना घट्ट, घरी आल्यावर सैल. भाच्याचा पट्टा रबरी, भोकांचा. त्याला दोन सेकंदांचं काम. आमच्या चेनच्या लॉकलाही बाजूला तीन-चार बारीक भोकं असतात. टाचणीने पिन दाबून पुढच्या भोकात नेली की चेन दोनेक मिलिमीटरनी सैल होते. संपूर्ण कडी काढण्या-घालण्यापेक्षा हा फरक छोटा, आणि मे महिना निभावून न्यायला तेवढाच हवा असतो. कड्या काढायच्याच तर दोन्ही बाजूंनी बेताने काढाव्यात, नाहीतर लॉक मनगटाच्या मधोमध न बसता एका अंगाला जातं आणि टेबलावर लिहिताना खडखडतं.

आखातातून कुणी घड्याळ आणलं की ते सगळ्या कड्यांसकट येतं, आणि म्हापशाला जाणं होईपर्यंत घरातला माणूस ते तसंच खुळखुळवत मिरवतो. घड्याळजी जादा कड्या काढून प्लास्टिकच्या इवल्या पुडीत देतो. ती पुडी जपून ठेवावी. पन्नाशीनंतर मनगट कुठल्या दिशेने जाईल ते सांगता येत नाही. काकांची पुडी केव्हाच हरवलेली आहे, त्यामुळे त्यांच्या तत्त्वनिष्ठेबद्दल मला थोडा संशय आहे.

माझं माप म्हणाल तर करंगळी. चेनखाली ती अडकल्याशिवाय जावी, अंगठा मात्र जाऊ नये. हे माप एसी दुकानात घेऊ नका. तिथे हात गार पडून आक्रसलेला असतो, काउंटरवरचा मुलगा "परफेक्ट बसलं!" म्हणतो आणि बाहेर रस्त्यावर आलात की परफेक्ट चावायला लागतं. जेवून, उन्हातून चालत, घामेजलेल्या हाताने माप द्यायला जावं. खरी वेळ दुपारी अडीच-तीनची. पण त्या वेळी आमच्याकडे घड्याळजी दुकान ओढून घरी झोपलेला असतो आणि चारशिवाय उठत नाही.