केबल काढावी का? आत्तींना विचारून सांगते

‘केबल काढली होती म्हणे तुम्ही. मग परत का जोडली? आम्ही काढू का नको?’ स्टाफरूममध्ये हा प्रश्न येतो, कोल्हापुरात गंगावेशीत दूध प्यायला थांबलं तरी कोणीतरी विचारतंच.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरात सगळे मोबाइलवाले असतील आणि वायफाय असेल, तर खुशाल काढा. पण ऐंशीच्या घरातलं माणूस असेल, तर ते दिवसभर काय बघतं ते आधी बघा. आम्ही नेमकं तेच बघितलं नव्हतं.

सुरुवात पोरानं केली. 2022 चा फुटबॉल विश्वचषक मोबाइलवर फुकट दिसला, पुढच्या वर्षीची आयपीएलही. ‘मग महिन्याला सव्वाचारशे रुपये कशाला घालवायचे?’ हिशेब चुकीचा नव्हता. बिल उलगडून बघितलं तर त्यात दोन भाग. एक जोडणीचं भाडं. 2019 मध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामकाने, त्याला 130 रुपयांची मर्यादा घातली होती, जीएसटीसकट 153 रुपये 40 पैसे. (2024 मध्ये ती मर्यादा काढली, त्यामुळे आजचा आकडा तुमच्या केबलवाल्यालाच विचारा.) दुसरा भाग पैशाच्या वाहिन्यांचा. आमच्याकडे कुणी कधी निवडल्याच नव्हत्या, केबलवाल्यानं लावलेला पॅक तसाच चालू होता. त्यात तमिळ, बंगाली, काय काय. कन्नडचं ठीक, आत्तींचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं, माहेर निपाणीचं.

मे महिन्यात केबल काढली. स्मार्ट टीव्ही घेतला, वायफायचा प्लॅन वाढवला, दोन अ‍ॅपचे पैसे भरले. वाचलेले पैसे तिथेच गेले म्हणा ना. आत्तींना चार दिवस शिकवलं. त्यांची तक्रार एकच: ‘पूर्वी नंबर दाबला की मालिका लागायची. आता हे आधी विचारतंय, कोण बघतंय म्हणून. मी बघतोय की, आणि कोण!’

मालिका तरी सापडत होत्या. सापडत नव्हती ती गावची वाहिनी. आमच्या केबलवर कोल्हापूरच्या बातम्यांची एक स्थानिक वाहिनी लागायची. आम्ही तिच्याकडे कधी ढुंकून बघितलं नाही, कारण खाली सारखी पट्टी पळत असायची: साड्यांचा सेल, क्लासचे प्रवेश आणि निधन वार्ता. आत्ती बघत होत्या ती पट्टीच. दुपारी जेवताना आणि रात्री झोपायच्या आधी. कोण गेलं, रक्षाविसर्जन कधी, किती वाजता.

त्या सप्टेंबरात शनिवार पेठेतली त्यांची मैत्रीण गेली. आम्हाला कळलं पाचव्या दिवशी, रक्षाविसर्जन होऊन गेल्यावर. आत्ती आम्हाला काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी टीव्ही मात्र लावला नाही.

नोव्हेंबरात किरणोत्सव आला. 9 तारखेपासून तीन दिवस मावळतीची किरणं अंबाबाईच्या आधी चरणांवर, मग वर सरकत मुखापर्यंत जातात. ढग असले किंवा हवेत धूळ असली तर मध्येच थांबतात. त्यामुळे आज कुठवर आली, हा त्या तीन दिवसांत अख्ख्या गावाचा प्रश्न असतो. मोबाइलवर दिसतं, पोरानं लावूनही दिलं. आत्तींनी तो हातभर लांब धरला, मग परत दिला आणि गुडघा धरत जिना उतरून शेजारच्या काकूंकडे गेल्या. काकूंकडे केबल आहे.

डिसेंबरात मी केबलवाल्याला फोन केला.

या वेळी मात्र पॅक घेतला नाही. दुधाचे खाडे मांडतो त्या कॅलेंडरवर महिनाभर कोण काय बघतं ते लिहिलं होतं. निघालं काय, तर आत्तींच्या तीन मालिका, कीर्तन आणि ती गावची वाहिनी. नवरा बातम्या लावतो आणि वीस मिनिटांत घोरतो, त्याची नोंद केली नाही. जोडणीचं भाडं आणि सुट्या दोन वाहिन्या, एवढंच ठेवलं. आतल्या खोलीतलं दुसरं कनेक्शन गेलं ते गेलंच. बिल निम्म्याच्या आसपास आलं.

डीडी फ्री डिशचं, म्हणजे दूरदर्शनच्या स्वतःच्या फुकट डिशचं काय, हेही विचारता. माझ्या भावाकडे राधानगरीला आहे. एकदा डिश आणि बॉक्स घ्यायचा, पुढे महिन्याला काही नाही. क्रिकेटवाल्यांना फायदा असा, की भारताचे महत्त्वाचे सामने खासगी वाहिन्यांना 2007 च्या कायद्याने दूरदर्शनला द्यावे लागतात. पण 2017 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर दूरदर्शनला ते केबलवर आणि खासगी डीटीएचवर (पैसे भरायच्या डिशवर) दाखवता येत नाहीत. फ्री डिशवर येतात, म्हणून भाऊ फुकटात सामना बघतो. आत्तींच्या मालिका मात्र त्यावर नाहीत, आणि गावची वाहिनी तर नाहीच.

2024 च्या जुलैत पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गेली. गावच्या वाहिनीमुळे आमच्या आधी आत्तींना आकडा ठाऊक असायचा. 2019 च्या पुरासारखी वीजच गेली तर केबलचाही उपयोग नाही, हे त्या स्वतःच म्हणतात आणि ट्रान्झिस्टरचे सेल बदलून ठेवतात.

तर आधी एक महिना लिहून काढा. पेन दोऱ्यानं कॅलेंडरच्या खिळ्याला बांधा, नाहीतर तिसऱ्या दिवशी सापडत नाही.